रसायनाच्या पुस्तकातला विद्यार्थी

मराठी कथा-कादंबऱ्यांतून शाळा पुष्कळ भेटते. छडीवाले मास्तर भेटतात, फी न भरल्यामुळे वर्गाबाहेर उभा राहिलेला मुलगा भेटतो, स्नेहसंमेलन भेटते, शाळेच्या वाटेवरचा ओढाही भेटतो. भेटत नाही तो विषय. तो मुलगा त्या दिवशी वर्गात नेमके काय शिकला, ते त्याला कळले की नाही, आणि कळले त्या क्षणी त्याच्या मनात काय झाले, हे आमच्या ललित लेखनात क्वचित सापडते. कवितेचा तास कथेत कधीमधी येतो. गणिताचा येतो तो भीती म्हणून. रसायनशास्त्राचा तास माझ्या वाचनात आलाच असेल तर तो फुटलेल्या परीक्षानळीच्या विनोदापुरता किंवा सडक्या अंड्यासारख्या वासापुरता.

लेखकांना शास्त्राचे वावडे असते, असे ह्याचे एक उत्तर तयारच आहे. ते मला पुरेसे वाटत नाही. ज्या पुस्तकातून मूल रसायन शिकते त्या पुस्तकातच त्या मुलाला जागा नसते. मग पुढे त्याच्या आठवणींत ती कोठून यावी? म्हणून येथे मी शालेय रसायनाच्या पुस्तकाकडे एक गद्यप्रकार म्हणून पाहणार आहे. मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. शाळेत जेवढे शिकले आणि पुढे शिकविता शिकविता जेवढे उमगले, तेवढेच माझे भांडवल. परंतु गद्याविषयी बोलण्याचा अधिकार कादंबरी लिहिणारीला असावा. आणि हे गद्य क्षुल्लक नाही. ज्यांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही अशा असंख्य लोकांनी ते वाचलेले आहे. नव्हे, पाठ केलेले आहे.

ह्या गद्याचे मूळ वाक्य पाहा. 'जस्ताच्या तुकड्यांवर विरल आम्ल टाकले असता हायड्रोजन वायू मुक्त होतो,' अशा धर्तीचे ते असते. आम्ल कोणी टाकले? सांगितलेले नाही. केव्हा टाकले? तेही नाही. टाकणाऱ्याचा हात थरथरला का, बुडबुडे लगेच आले की वाट पाहावी लागली, हे विचारण्याची सोयच ह्या वाक्यात नाही. 'टाकले असता' ह्यात कर्ता नाही आणि 'होतो' ह्यात शंका नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, त्याच चालीवर हायड्रोजन मुक्त होतो. मराठीत 'प्रयोग' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक प्रयोग व्याकरणातला आणि दुसरा प्रयोगशाळेतला. शालेय रसायनात पहिल्या प्रयोगाने दुसऱ्याला गिळले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात, ह्या वाक्यरचनेची एक थोर बाजू आहे आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. टाकणाऱ्याचे नाव नाही, कारण टाकणारा कोणीही असला तरी फळ तेच मिळते. राजाने टाकले काय आणि रंकाने टाकले काय, जस्त भेदभाव करीत नाही. कर्त्याला वगळणे ही शास्त्राची समता आहे. परंतु शास्त्राने म्हटले होते 'कोणीही'. पाठ्यपुस्तकाच्या हातात पडून त्याचे झाले 'कोणीच नाही'. ह्या दोन शब्दांमधले अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

हे अंतर अपरिहार्य नव्हते. १८०६ साली लंडनमध्ये रसायनावरील एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'रसायनशास्त्रावरील संभाषणे'. लेखिका जेन मार्सेट. परंतु सुरुवातीच्या आवृत्त्यांवर तिचे नाव नव्हते. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ती ऐकत असे. ती नीट कळली ती घरी एका स्नेह्याशी त्यांविषयी बोलल्यानंतर. म्हणून तिने पुस्तकच संभाषणाच्या रूपात लिहिले. एक शिक्षिका, मिसेस बी., आणि दोन विद्यार्थिनी, एमिली व कॅरोलाइन. एमिली विचारी आहे. कॅरोलाइन उतावळी आहे, तिला रसायनाचा कंटाळा येण्याची खात्री आहे आणि काही भडकले, उडाले, रंगले की ती खूश होते. पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्याचे पात्र आले आणि त्यातही एक विद्यार्थिनी कंटाळण्याच्या तयारीने आली, ही मला ह्या पुस्तकाची वाङ्मयीन कमाई वाटते. तिच्या कंटाळ्याला उत्तर द्यावे लागते म्हणून विषय पुढे सरकतो.

दोषही सांगितले पाहिजेत. मुली फार सभ्य आहेत, आणि मिसेस बी. कधी निरुत्तर होत नाहीत. जिला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर येते अशी शिक्षिका मी अजून पाहिलेली नाही. तरीही ह्या पुस्तकाने एक वाचक घडविला. लोहाराचा एक मुलगा लंडनमध्ये पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करीत होता. बांधायला येणारी पुस्तके तो वाचीत असे. त्यांत हे पुस्तक त्याच्या हाती लागले. त्यातले म्हणणे खरे की खोटे, हे तो जमतील तसे छोटे प्रयोग करून पडताळून पाहू लागला. तो मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे तो डेव्हीचाच साहाय्यक झाला आणि आपले हे ऋण त्याने शेवटपर्यंत मानले. त्याने पुस्तक पाठ केले नाही, त्याची उलटतपासणी घेतली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. उलटतपासणी घेता येईल असे पुस्तक लिहिणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

ह्याच फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्सने ती संपादून पुस्तकरूपाने काढली आणि ते पुस्तक आजही वाचले जाते. त्याच्या रचनेचे रहस्य साधे आहे. फॅरडे मूलद्रव्यांपासून आरंभ करीत नाही. तो घरोघरी जळणाऱ्या वस्तूपासून करतो. मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते? मेण वातीतून वर कसे चढते? ज्योतीच्या मधला काळसर भाग कसला? तेथे काचेची नळी धरून तो आतली वाफ बाहेर आणतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटवून दाखवितो. मग ज्योतीतून पाणी निघते हे दिसते, कोळशाचे कण दिसतात, चुन्याची निवळी दुधाळ करणारा वायू सापडतो. आणि शेवटी तोच वायू आपल्या श्वासातून निघतो, म्हणजे आपल्या देहातही मेणबत्तीसारखेच काही मंदपणे जळत असते, येथपर्यंत तो मुलांना नेतो. नावे येतात, पण नाव ज्याला द्यायचे ती वस्तू अगोदर समोर येऊन उभी राहते. कादंबरीत पात्राचा प्रवेश असाच व्हावा लागतो. वागण्याअगोदर नाव, वय आणि स्वभाव सांगून टाकणारा कादंबरीकार कच्चा समजला जातो. पाठ्यपुस्तकात मात्र तोच शिरस्ता आहे.

आता विसाव्या शतकातील दोन पुस्तकांकडे वळते. ही पाठ्यपुस्तके नव्हेत, आठवणी आहेत. आणि मराठी आठवणींत न सापडणारा तो विद्यार्थी ह्यांत भेटतो. प्रीमो लेव्ही हा इटलीतील तुरीन शहरचा रसायनतज्ज्ञ. ऑश्वित्झच्या छळछावणीतून तो जिवंत परतला. त्याचे 'आवर्तसारणी' ह्या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यात एकवीस प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाला एका मूलद्रव्याचे नाव आहे. 'हायड्रोजन' ह्या प्रकरणात सोळा वर्षांचा लेव्ही आणि त्याचा मित्र, मित्राच्या भावाच्या प्रयोगशाळेत शिरतात. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दोन बरण्यांत दोन वायू जमवितात. एकाचे माप दुसऱ्याच्या दुप्पट. मित्र शंका काढतो. हा हायड्रोजनच कशावरून? लेव्ही काडी पेटवितो, बरणीचा स्फोट होतो, आणि त्याच्या हातात बरणीच्या बुडाचे काचेचे कडे तेवढे उरते. 'काडी लावली असता वायू आवाज करून जळतो,' हे वाक्य आपण सर्वांनी लिहिले आहे. ह्या प्रकरणात त्याच वाक्याला कर्ता मिळाला आहे, त्याची भीती मिळाली आहे आणि त्याचा गर्वही.

त्याहून मोलाचे प्रकरण 'जस्त' हे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जस्त आणि आम्ल ह्यांची गाठ घालायचे काम त्याच्याकडे येते. वर जे वाक्य मी दिले तेच येथे आहे. पण लेव्ही ते आतून उलगडतो. फार शुद्ध जस्त आम्लाला दाद देत नाही, स्वस्थ पडून राहते. त्यात थोडी अशुद्धी असावी लागते, तेव्हा ते विरघळू लागते. आपले शाळेतले जस्त बुडबुडे सोडते ते पुष्कळसे त्यातील भेसळीच्या कृपेने. वाक्य मात्र ही भेसळ सांगत नाही. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने इटलीत ज्यूविरोधी वंशकायदे केले. वंशशुद्धीचा तो डांगोरा लेव्हीने ह्या जस्ताशेजारी आणून ठेवला. तो स्वतः ज्यू. म्हणजे त्या समाजाच्या दृष्टीने तो अशुद्धी होता. आणि जस्ताला चेतविणारी तीच असते. ही उपमा वरून चिकटविलेली नाही. परीक्षानळीत जे खरोखर घडते त्यातून ती वर आली आहे. म्हणून तिच्यात बळ आहे. जो विद्यार्थी 'टाकले असता' एवढेच शिकला त्याला ती कधीच सुचली नसती.

दुसरे पुस्तक ऑलिव्हर सॅक्स ह्या डॉक्टर-लेखकाचे, २००१ सालचे. लंडनमधील त्याच्या बालपणाची ही हकिकत. त्याच्या एका मामाचा टंगस्टनच्या तारेचे विजेचे दिवे करण्याचा कारखाना होता. पुस्तकाचे नावही ह्या टंगस्टन-मामावरूनच आहे. मुलगा घरीच प्रयोगशाळा थाटतो, धातू हाताळतो, वास घेतो, डाग पाडतो, आणि संग्रहालयातील भव्य आवर्तसारणीपुढे भारावून उभा राहतो. पुस्तक अतिशय सुंदर आहे आणि ते वाचताना मला हेवा वाटला, हे सांगितले पाहिजे. परंतु समीक्षकाने हेव्यावर थांबू नये. हा मुलगा भाग्यवान आहे. आईवडील दोघेही डॉक्टर, मामा कारखानदार, घर मोठे. एवढे सगळे असेल तर रसायन गोड लागणारच. ज्याच्या घरी पाण्याचे पिंपही शेजाऱ्यांशी वाटून घ्यावे लागते, त्याने काय करावे, हा प्रश्न पुस्तकाबाहेर राहतो. शिवाय त्या भाग्यवान मुलाचेही हे प्रेम टिकले नाही, आणि त्याच्या कारणांत तो शाळेचे रसायनही मोजतो: वर्गात बसणे, टिपणे उतरविणे, निर्जीव पुस्तके, परीक्षा. जे प्रेम मामाच्या कारखान्याने दिले ते वर्गाने विझवावे, ही गोष्ट शिक्षकाने मान खाली घालून वाचण्याजोगी आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विज्ञान काही नुसत्या गमतीवर चालत नाही. नावे, चिन्हे, सूत्रे, समीकरणे शिकावीच लागतात. मला हे मान्य आहे. माझी तक्रार नावांविरुद्ध नाही. इतिहास नसल्यासारखी नावे शिकविण्याविरुद्ध आहे. 'ऑक्सिजन' हेच नाव घ्या. लव्हॉयझ्येने ते 'आम्ल घडविणारा' ह्या अर्थाने दिले. कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. पुढे १८१० साली डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे सांगितले आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नावालाही नाही हे स्पष्ट झाले. समजूत गेली, नाव राहिले. आमचा 'प्राणवायू' हा शब्द त्या चुकीत सापडला नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ह्या वायूच्या नळकांड्यांसाठी लोक रांगा लावून उभे होते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कोणाला कोशात पाहावा लागला नाही.

तसेच 'अणू' आणि 'रेणू'. मराठीत मूलद्रव्याचा सूक्ष्म कण तो अणू, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. हिंदीत आपल्या अणूला 'परमाणु' म्हणतात आणि आपल्या रेणूला 'अणु'. मूल घरात मराठी पुस्तक वाचते आणि हिंदीतला कार्यक्रम ऐकते; ते गोंधळले तर त्याला मंद म्हणू नये. नावे माणसांनी ठेवली आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी ठेवली आहेत, कधी चुकूनही ठेवली आहेत, एवढे सांगितले तर पाठांतराचा अर्धा भार हलका होतो.

आणि मराठीला रसायन परके आहे, असे तर मुळीच नाही. दही तांब्याच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते. 'कळकणे' ह्या एका क्रियापदात आम्ल आहे, धातू आहे, त्यातून होणारा क्षार आहे आणि वर आईची ताकीदही आहे. हे टाळण्यासाठी भांड्यांना कल्हई. कल्हईवाला आता क्वचित दिसतो; परंतु तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकी, पांढरा धूर निघे, आणि मग कथलाचा हात फिरताच भांडे आतून चांदीसारखे होई. तापल्यावर नवसागरातून निघणारे आम्ल धातूवरचा मळ साफ करते आणि त्या स्वच्छ अंगावर कथील बसते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. पितळ चिंचेने उजळते. लोखंड गंजते, पीठ आंबते, दूध विरजते, गढूळ पाणी तुरटीने निवळते. इतकी क्रियापदे जिच्यापाशी आहेत त्या भाषेतील रसायनाच्या पुस्तकाने 'तयार होतो' आणि 'मुक्त होतो' ह्या दोनच क्रियापदांवर दिवस काढावेत, हे दारिद्र्य ओढवून घेतलेले आहे.

ह्या दारिद्र्याने विद्यार्थ्याचे काय होते, त्याचे एक उदाहरण देते. एके वर्षी मी वर्गात चुन्याची निवळी करविली. पानपट्टीवरचा चुना रात्रभर पाण्यात, सकाळी वरचे नितळ पाणी. पपईच्या पानाच्या पोकळ देठातून मुलांनी त्यात फुंकायचे. ओढायचे नाही, नुसते फुंकायचे. पाणी दुधाळ झाले, मुलांनी वहीत तसे लिहिले, आणि पुस्तकातील वाक्यही तेथेच संपत होते. एक मुलगी मात्र फुंकीतच राहिली. काही वेळाने ती ओरडली, "बाई, दुधाचं परत पाणी झालं!" खरेच झाले होते. निवळीत अधिक वायू गेला की तो पांढरा साका विरघळणाऱ्या संयुगात बदलतो. पण वर्गाचे म्हणणे निराळे पडले. "तिचं चुकलंय बाई, पुस्तकात दुधाळ लिहिलंय." चाळीस मुलांनी डोळ्यांसमोरची परीक्षानळी सोडून पुस्तकाची बाजू घेतली. मी तेच पाणी उकळून दाखविले. पांढरेपणा परत आला. बंबाच्या आत जे पांढरे पुट बसते ते हेच, म्हटल्यावर दोघातिघांना आपापला बंब आठवला. त्या मुलीने मात्र मला विचारले, "बाई, परीक्षेत काय लिहू?" मी सांगितले, "दोन्ही लिही." परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे जो नमुना असतो त्यात पूर्णविराम 'दुधाळ' ह्या शब्दानंतर आहे, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

हे नुकसान गुणांचे नाही. पुष्कळ मुलांच्या बाबतीत शाळेतले रसायन हेच त्यांचे अखेरचे रसायन असते. त्यानंतर त्यांना भेटतात ती रसायने शेतावरच्या फवारणीची, रंगाच्या डब्यांतली, संडास धुण्याच्या बाटलीतली. विरंजक चूर्णावर आम्ल टाकले असता क्लोरीन वायू मुक्त होतो, हे वाक्य अनेकांनी घोकलेले असते. तीच माणसे पुढे न्हाणीघरात ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओततात, दार लावून घेतात आणि खोकत बाहेर येतात. त्यांना वाक्य येत नव्हते असे नाही. त्या वाक्यातला कर्ता आपणच असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. विषारी वायू पुस्तकात मुक्त होत होता. त्याला घर नव्हते आणि त्या घरात कोणी श्वास घेत नव्हते.

म्हणून रसायनाच्या पाठ्यपुस्तकाकडून मी रंगीत चित्रे मागत नाही, गोष्टीही मागत नाही. गोष्टीच्या साखरेत घोळविलेले शास्त्र मुले लवकर ओळखतात आणि वरची साखर तेवढी चाटून खातात. माझी मागणी व्याकरणाची आहे. प्रत्येक धड्यात निदान एक वाक्य असे असावे की ज्यात कोणीतरी काहीतरी केले, त्याला जे वाटले होते ते झाले नाही, आणि मग त्याने पुन्हा करून पाहिले. ते वाक्य फॅरडेचे असो, लेव्हीचे असो, वा पपईचा देठ तोंडात धरलेल्या एखाद्या मुलीचे असो. 'टाकले असता' खुशाल राहू द्या. शास्त्राला त्याची गरज आहे. फक्त त्याच्या अगोदर एकदा 'मी टाकले' म्हणण्याची संधी मुलाला मिळू द्या. कर्मणी प्रयोग शिकविण्यापूर्वी कर्तरी शिकवावा, हा तर आमच्या शाळांचा जुनाच क्रम आहे.